सिसलीचं मबलफबल

स्टॅनवोल्ड, १२ एप्रिल १५९१

लँबर्ट फिचेट यास,

तुझ्या वहिनीला एकदा हसवायला काय काय लागलं ते आधी सांगतो. ईस्टरसाठी राखलेलं बदक. दोन दिवस ठिय्या मारून बसलेला एक सारंगीवाला, आणि तो वाजवतो कमी, खातो जास्त. तिच्याच दंडातलं वाटीभर रक्त, जे न्हाव्यानं काढलं आणि खिडकीतून ओतून दिलं. माझी चांगली टोपी. आणि पाद्रीबाबांची मर्जी, कारण बदक आम्ही उपास संपायच्या आत कापलं. एका हसण्याला एवढं. महाग पडलं असं मी म्हणत नाही.

सात वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. वॉट गाडीवान सांगत होता की ससेक्समध्ये तोफा ओतायच्या भट्टीवर फिचेट आडनावाचा एक माणूस आहे, कान तिखट आणि तोंड त्याहून तिखट. म्हटलं, हा आमचाच. वॉट त्याच वाटेनं निघालाय, तर चार ओळी द्याव्यात, इतकंच.

झालं असं, की फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण झाला आणि सिसलीला मबलफबल लागलं. शब्द तुला माहीत असेल, मन खचून बसण्याचा. केंब्रिजहून सुट्टीला येणारी पोरं तो चण्यासारखा उधळतात. पोरीनं नाही म्हटलं, मबलफबल. बापानं खर्चाला दिलं नाही, मबलफबल. ऐकायला कसा, तान्ह्या बाळाच्या ओठावर बुडबुडा फुटावा तसा. पण घरात येऊन बसला की तो शब्द तेवढासा राहत नाही. सिसली सकाळची उठेनाशी झाली. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. भिंतीकडे तोंड. काय होतंय विचारलं की म्हणे, काही नाही. आणि ते खोटंही नव्हतं.

बाई कशी, तुला सांगायला नको. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून तिच्या हातचं खाल्लंयस आणि बोलणीही. बाजारात मासेवाल्याला विचारायची, 'हा मासा कधी मेला रे, तुझ्या आजोबांच्या लग्नात?' तीच बाई दोन महिने कोणाला टोमणा मारत नाही म्हटल्यावर बाजारालासुद्धा चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

पण मी हात टेकणारा माणूस नव्हे. साच्यांच्या मातीत घोड्याची लीद तुडवणारं पोर होतो मी, आज या परगण्यात अकरा मनोऱ्यांवर माझ्या घंटा आहेत. धातूच्या पोटातला बुडबुडा मी नुसत्या टकटकीनं ओळखतो. बायकोच्या पोटातलं दुखणं ओळखणार नाही? न्हावी आणला, बदक कापलं, सारंगीवाला बसवला. शनिवारी दुपारी जेवताना तो रंगात आला, मागे सरकला आणि माझ्या टोपीवर बसला. सिसली हसली. मी या कानांनी ऐकलं. लगेच गावभर सांगून आलो: मबलफबल अँब्रोज फिचेटनं पळवून लावलं, आणखी कोणाला लागलं असेल त्यानं खुशाल यावं.

तेव्हा तू यायची काही गरज नाही. ती तुझी आठवणही काढत नाही.

अँब्रोज फिचेट
घंटा ओतणारा


स्टॅनवोल्ड, १६ मे

लँबर्टास,

वॉट म्हणाला, पत्र दिलं, तू उभ्यानं वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि कामाला लागलास. उत्तर नाही. ठीक आहे. तोफांना घाई असते.

मागच्या पत्रात एक दुरुस्ती. ती हसली असं मी लिहिलं होतं. खोकला होता. हसू आणि खोकला यांतला फरक माझ्या कानाला कळतो. त्या शनिवारीही कळला होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडे वळली. आता गावच वैद्य झालं आहे. शेजारची अवीस पास्क रोज काहीतरी पाला उकळून आणते आणि सोबत कारणही आणते.

'मूल नाही ना, म्हणून,' परवा म्हणाली.

'अठरा वर्षं नाही. सतरा वर्षं ही गात होती.'

'मग वय.'

'बेचाळीस.'

'बेचाळीस?' अवीसनं ओठ मुडपले. 'बरं. तुम्ही म्हणता तर बेचाळीस.'

पाद्रीबाबा येऊन गेले. बदकाबद्दल त्यांनी मला माफ केलंय, पण चेहरा अजून तसाच आहे. त्यांनी सांगितलं की निराशा हे पाप आहे, प्रार्थना कर. सिसली म्हणाली, 'तुम्ही करा पाद्रीबाबा. मी ऐकते.' त्यांनी केली, लांबलचक. तिनं खरंच ऐकली. संपल्यावर म्हणाली, 'छान होती,' आणि पांघरूण ओढून घेतलं.

तडा गेलेली घंटा कशी तपासायची ते मीच तुला शिकवलं होतं. लाकडी हातोडी घ्यायची आणि कडेकडेनं हलकं वाजवत जायचं. जिथे आवाज फाटतो तिथे तडा. मी तुझ्या वहिनीला तसंच वाजवत गेलो. माझं काही चुकलं का? नाही. घरात काही कमी आहे? नाही. अवीस काही बोलली? अवीस रोजच बोलते. मग लँबर्टमुळे?

इथे ती थोडी थांबली. मला वाटलं, सापडला.

'फिचेट,' ती म्हणाली, 'तडा असता तर मीच बोट ठेवून दाखवला असता. तडा नाही. नुसतं मळभ आहे. तुम्ही असेच ठोकत राहिलात तर मात्र तडा जाईल.'

पंधरा दिवसांत ती एवढं बोलली नव्हती. वाईट वाटून घ्यावं की बरं, मला ठरवता येईना. शेवटी बरं वाटून घेतलं, कारण वाक्य जुन्या सिसलीचं होतं.

तुझं नाव मी काढलं होतं, हे लक्षात ठेव. तिनं नाही.

तुझा भाऊ
अँब्रोज


स्टॅनवोल्ड, १९ जून

लँबर्ट,

गुरुवारी तुझी वहिनी वारली. घाबरू नकोस, आता मागच्या दारी कोंबड्यांना दाणे टाकते आहे. नीट क्रमानं सांगतो.

शहरातून एक पदवीवाला वैद्य आणला होता. त्यानं नाडी पाहिली, लघवी उन्हात धरून पाहिली, लॅटिनमध्ये चार शब्द टाकले आणि निदान केलं: घरात काळी हवा कोंडली आहे. सगळं उघडा. मला ते पटलं. धातू ओततानासुद्धा साच्यातून हवा बाहेर काढली नाही तर घंटा फुटते. मग गुरुवारी सकाळी मी खिडक्या उघडल्या, पुढचं दार, मागचं दार, फडताळं, पेट्यांची झाकणं. हवा कुठे दडून बसेल सांगता येत नाही म्हणून कुलपंही काढून ठेवली. तिच्या डोक्याखालची कबुतराच्या पिसांची उशी ऊन खायला कुंपणावर टाकली. समाधानानं हात झटकले.

तू म्हणशील, दादा, तुला कळलं कसं नाही? अरे, मरणाऱ्याचा जीव अडकू नये म्हणून घरातली कुलपं काढतात, आणि कबुतराच्या पिसांवर डोकं असलं तर प्राण जात नाही म्हणून उशी काढून घेतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? आपल्या आईच्या वेळी तेच केलं, बाबांच्या वेळी तेच. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त हवा होती.

अवीस रस्त्यानं जात होती. तिनं उघडी दारं पाहिली, कुंपणावरची उशी पाहिली, आणि ती तडक देवळात गेली. थोड्या वेळानं मनोऱ्यावर माझी मार्गारेट घंटा वाजायला लागली. आधी दोन टोल, मग दोन, मग दोन.

'कोण गं गेलं?' सिसलीनं विचारलं. तोंड भिंतीकडेच.

'दोनदोनचे टोल आहेत, बाई आहे कोणीतरी,' मी म्हटलं.

पुढचे टोल वयाचे. इथे राहणाऱ्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. मी पलंगाच्या कडेला बसून मोजत होतो, ती पडल्या पडल्या मोजत होती. तिचे ओठ हलत होते. चाळीस झाले, बेचाळीस झाले, चव्वेचाळीस. सत्तेचाळीसवर घंटा थांबली.

'सत्तेचाळीसची कोण आहे आपल्याकडे?' ती म्हणाली.

मी खिडकीतून डोकावलो. रस्त्यात दहाबारा माणसं आमच्या घराकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेली. पुढे अवीस, हातावर घडी घातलेलं पांढरं कापड. तिच्यामागे मेल्टन सुतार, माप घ्यायची दोरी बोटांना गुंडाळून.

'सिसली,' मी म्हटलं, 'तू गेलीस बहुतेक.'

ती उठून बसली.

'सत्तेचाळीस?'

मी काही बोलायच्या आत पाय खाली. चार महिन्यांनी तो आवाज आमच्या फळ्यांनी ऐकला. अंगावर झोपायचा झगा, केस मोकळे, पायात काही नाही. जिना उतरली आणि उघड्या दारातून थेट बाहेर. उघडायला काही शिल्लकच नव्हतं, तेवढा वैद्याचा उपयोग झाला. मेल्टनच्या हातून दोरी पडली.

'उचल,' ती त्याला म्हणाली. 'मी अजून वापरात आहे.'

अवीस गुडघ्यांवरूनच म्हणाली, 'सिसली, बाई, देवाची कृपा गं.'

'देवाची कृपा बेचाळीसची आहे, अवीस. वरची पाच तुझी, ती घरी घेऊन जा.'

मी तिचे बूट हातात घेऊन मागे, माझ्यामागे सगळी प्रार्थना. अशी वरात देवळात पोचली. हॉब क्रिकमे दोर सोडून नुकताच घाम पुसत होता. तू गेलास तेव्हा तो म्हातारा होता, आता आणखी आहे.

'हॉब, कोणासाठी वाजवलीस?'

'तुमच्यासाठी, बाई.' त्यानं टोपी काढली. 'देव तुमच्या आत्म्याला शांती देवो.' मग तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि जरा विचार केला. 'पुन्हा वाजवू का? पाच कमी करून?'

तेव्हा ती हसली. लँबर्ट, यात खोकला नव्हता. भिंतीला टेकली, मग बाकावर बसली, मग पोट धरून वाकली. हॉबला वाटलं, आता खरंच जाते, आणि त्यानं घाईनं पुन्हा दोर धरला. मग मीही हसलो. अवीससुद्धा, थोड्या वेळानं.

हसणं ओसरल्यावर ती त्या बाकावर बसून राहिली. मी तिच्या पायांत बूट घालत होतो. वर पाहत म्हणाली, 'एवढं लक्ष देऊन मी मार्गारेट कधी ऐकली नव्हती. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस टोल खाली बसलेले. लँबर्टचं बरोबर होतं.'

मी नाडी बांधत होतो. नाडीकडेच पाहत राहिलो.

दादा


स्टॅनवोल्ड, ४ जुलै

लँबर्ट,

हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा विस्तवात घातलं. या खेपेला वॉट दारात उभा आहे, त्यामुळे घालता येणार नाही.

मार्गारेट चढवली त्या दिवसाबद्दल लिहायचंय. सगळा गाव अंगणात, दारूचं पिंप फोडलेलं, पाद्रीबाबा नव्या झग्यात. पहिला टोल पडला. लोकांनी टोप्या उडवल्या. आणि तू, वीस वर्षांचा, पिंपाशेजारी उभा राहून म्हणालास, 'दादा, सुरातून उतरलीय. ओठाला छिन्नी लावायला हवी.' मोठ्यानं म्हणालास. तेव्हा माझ्या एकाही घंटेला सुरासाठी छिन्नी लागलेली नव्हती, आणि ती गोष्ट मी कोणी न विचारताही सांगत असे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, याचे कान गाढवाचे, याला घंटा नको, तोफा ओतू द्या, त्यांना सूर लागत नाही. लोक हसले. तू दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गेलास आणि जाऊन तोफाच ओतायला लागलास. ते मला फार लागलं, पण ते असो.

मला म्हणायचंय ते हे. मार्गारेट अर्धा सूर उतरलेली आहे. मला ते पहिल्या टोलाला कळलं होतं. तू तोंड उघडायच्या आधी.

सात वर्षं दर रविवारी ती मला सांगते आणि सात वर्षं मी शेजाऱ्याशी हवेपाण्याचं बोलतो. सिसलीला मी कधी सांगितलं नाही. तिनं तुझ्याबद्दल विचारलं की मी म्हणायचो, तो गेला, आपण काय करणार. ती तुझी आठवण काढत नाही असं मी लिहिलं होतं. ती काढत नाही, कारण तिसऱ्या वर्षी मी तिला तसं बजावलं होतं.

गेल्या मंगळवारी मी शिडी, हातोडी आणि छिन्नी घेऊन मनोऱ्यावर चढलो. म्हटलं, आता करून टाकू. घंटेच्या ओठावर खडूनं खुणा केल्या. तेवढ्यात खालून पायऱ्यांवर धापा. तुझी वहिनी.

'काय करताय?'

'सुधारतोय हिला.'

ती तुळईला टेकली. दम खाऊन म्हणाली, 'सात वर्षं अशीच वाजतेय. हिच्यावर लग्नं लागली. बारशी झाली. मी मेले हिच्यावर. कोणाचं काही अडलं का?'

'उतरलेली आहे, सिसली.'

'आहे ना. म्हणून काय तिला तासायची? जेव्हा बघावं तेव्हा तुमच्या हातात हातोडी. खाली चला.'

'मग लँबर्टला काय सांगू?'

'ऐकलंत ते सांगा. त्याला काही छिन्नी लागत नाही.'

मी खडूच्या खुणा पुसल्या. आज रविवारी प्रार्थना झाल्यावर मी गावच्या पंचांसमोर उभा राहिलो आणि म्हटलं की मार्गारेट अर्धा सूर उतरलेली आहे, चूक माझी, माझा भाऊ तेव्हा खरं बोलला होता. मला वाटलं, गलका होईल. पंच एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी हॉब म्हणाला, 'मालक, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्हाला वाटलं, तुम्हीच तशी ठेवली असेल. काही कारणानं.'

म्हणजे अख्ख्या गावाला कान होते. कोणी बोललं नाही, ते मला वाईट वाटेल म्हणून. हे ऐकून मी घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

तिचं विचारशील. उठते. सगळे दिवस नाही. उठते त्या दिवशी बाजारात जाते आणि मासेवाला पुन्हा लपून बसतो. उठत नाही त्या दिवशी मी आता कारण विचारत नाही.

तू ये. बरं करायला नको. इथे बरं करणारे खूप झाले, मी त्यांतला मुख्य. नुसता ये आणि पलंगाच्या त्या बाजूला बस. या बाजूला मी असतो.

दादा


स्टॅनवोल्ड, २२ ऑगस्ट, रविवार

प्रिय लँबर्ट,

तुझं पत्र मिळालं. सात ओळींत तू सात वर्षं बसवलीस, हे घरातलंच वळण. शेवटच्या ओळीत लिहिलंयस की गाढवाच्या कानांना तोफांचा आवाज सोसला, आता घंटा सोसेल. हे मी अवीसला वाचून दाखवलं नाही.

सप्टेंबर अखेरीला येतोस हे मी वहिनीला सांगितलं. तू सांगू नकोस म्हणून लिहिलं होतंस, पण माझ्याच्यानं जिन्याच्या तिसऱ्या पायरीपुढे दम धरवला नाही. ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, 'येऊ दे. त्याची खोली वरची द्या, खालच्या खोलीत ओल आहे. आणि फिचेट, त्या दिवशी मी उठलेली असेन असं मात्र त्याला कबूल करू नका.'

म्हणून करत नाही.

येताना पूर्वेकडच्या रस्त्यानं ये. ओढ्यावरचा पूल मागच्या पुरात गेला, बाजूनं उतार आहे, पण गाडी असेल तर जपून. तुझ्या तिकडचं खारवलेलं डुकराचं मांस चांगलं असतं असं वॉट म्हणतो. त्यानं म्हटलं म्हणून आणू नकोस, आणायचं असेल तर आण.

मी सध्या दुपारनंतर भट्टीवर जात नाही. पलंगाशेजारी स्टूल टाकलंय. काल शेंगांची टोपली घेऊन बसलो आणि सोलत राहिलो. अर्धी टोपली झाल्यावर तिनं पाय थोडे आत घेतले, म्हणजे मला टोपली पलंगावर ठेवता यावी. मग पांघरुणातून एक हात बाहेर आला आणि त्यानं एक शेंग घेतली. दुसरी घेतली. आम्ही संध्याकाळपर्यंत सोललं. कोणी बोललं नाही आणि मला, खरं सांगतो, इतकी छान दुपार बऱ्याच वर्षांत आठवत नाही. खिडकी एकच उघडी ठेवतो. अवीसनं तशी ताकीद दिली आहे, आणि आता ती आत येताना आधी हाक मारून विचारते, 'आहात ना गं सगळे?'

पलीकडच्या गावातून तिघे जण मबलफबलवर औषध विचारायला आले होते. एप्रिलमध्ये मी जे गावभर सांगून आलो, ते त्यांच्यापर्यंत आता पोचलं. त्यांना शेंगा खायला घातल्या आणि परत पाठवलं.

सिसली गुरुवारपासून उठलेली नाही.

दादा